मान, प्रवास आणि न सांगितलेली गोष्ट

१

विप्रलंभ शृंगार हा आपल्या साहित्यशास्त्राने मोठ्या आस्थेने हाताळलेला विषय आहे. संभोगशृंगाराचे प्रकार मोजू गेल्यास त्यांना अंत नाही, तेव्हा तो एकच मानावा, असे म्हणून ग्रंथकार मोकळे झाले. विरहाचे मात्र त्यांनी बारकाईने वर्ग पाडले. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे त्याचे चार प्रकार सांगितले. त्यांतील मानाचे पुन्हा दोन पोटभेद झाले, आणि तो घालविण्याचे उपायही क्रमाने लिहून ठेवले गेले. माणसे एकत्र असताना कशी असतात यापेक्षा ती दुरावल्यावर कशी होतात यातच काव्याला अधिक गवसते, हे आपल्या पूर्वसूरींनी नेमके ओळखले होते.

ही परिभाषा आपण महाविद्यालयांतून वर्षानुवर्षे शिकवीत आलो. विद्यार्थी ती पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवितात आणि निकालाबरोबर विसरून जातात. यात त्यांचा दोष फारसा नाही. शास्त्राची उदाहरणे शास्त्राच्याच काळातील द्यायची आणि समोरच्या काळातील कलाकृतीवर ते कधी लावूनच पाहायचे नाही, अशी आपली रीत पडली आहे. अशा रीतीने शिकविलेले शास्त्र जिवंत राहावे तरी कसे?

म्हणून आम्ही येथे मुद्दाम दूरचा नमुना घेतला आहे. ती कलाकृती दक्षिण कोरियातील आहे, दृक्‌श्राव्य मालिकेच्या रूपातील आहे, आणि तिचा विषय आहे दोन पुरुषांमधील प्रेम, त्यांचा दुरावा आणि समेटासाठी चाललेली धडपड. आपल्या आलंकारिकांनी ज्या नायक-नायिकांचा विचार केला त्यांच्यात हे दोघे बसत नाहीत. तरीही त्यांच्या कथेला मान आणि प्रवास या जुन्या संज्ञा लावून पाहाव्यात. त्या कोठवर पोचतात, कोठे थांबतात, आणि जेथे थांबतात तेथे ही कलाकृती आपल्याला काय नवे सांगते, हे तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

'टू माय स्टार' ही मालिका २०२१ साली आली. दिग्दर्शन ह्वांग दा-सुल यांचे. त्यांचीच २०२० सालची 'व्हेअर युअर आइज लिंगर' ही मालिका कोरियातील या जातीच्या मालिकांच्या आरंभीची मानली जाते. दूरचित्रवाणीच्या मुख्य वाहिन्यांऐवजी महाजालावर, छोट्या छोट्या भागांतून दाखविल्या जाणाऱ्या या मालिकांनी अल्पावधीत देशाबाहेरही मोठा प्रेक्षक मिळविला. 'टू माय स्टार'च्या मूळ कोरियन नावाचा अर्थ 'माझ्या ताऱ्यास' असा आहे. नाव एखाद्या पत्राच्या मायन्यासारखे आहे, आणि त्यात श्लेषही आहे. कारण नायकांपैकी कांग सो-जून हा प्रसिद्ध अभिनेता, म्हणजे रूढ अर्थानेही 'तारा' आहे. दुसरा नायक हान जी-वू हा स्वयंपाकाच्या कलेत निपुण असा पाकशास्त्री. एका प्रकरणाने नाव डागळलेला सो-जून काही दिवसांसाठी जी-वूच्या घरात येऊन राहतो. एक मोकळा, बोलका, दुसऱ्याच्या आयुष्यात न विचारता शिरणारा. दुसरा अबोल, आपल्या दिनक्रमाला आणि आपल्या भिंतींना जपणारा. पहिल्या भागात या भिंती हळूहळू खाली येतात. सो-जूनची भूमिका सोन वू-ह्यून यांनी केली आहे, जी-वूची किम कांग-मिन यांनी.

पहिला भाग गोड आहे, नीटस आहे, आणि तो तेवढाच असता तर आम्ही त्याच्यावर लिहिले नसते. पूर्वरागाच्या कथा जगात विपुल आहेत. परंतु २०२२ साली दहा प्रकरणांचा दुसरा भाग आला आणि त्याने पहिल्या भागाच्या सुखान्तालाच प्रश्न विचारला. या भागाच्या इंग्रजी उपशीर्षकाचा अर्थ 'आमच्या न सांगितलेल्या गोष्टी'. दोघे एकत्र आल्यानंतर काही काळाने जी-वू कारण न सांगता निघून गेला आहे. सो-जून त्याचा माग काढीत एका दूरच्या खेड्यात पोचतो. जी-वू तेथे आहे. पण सो-जूनला पाहून त्याच्या मुद्रेवर ना आनंद उमटतो ना पश्चात्ताप. तो थंडपणे त्याला परत जायला सांगतो. येथून खरे नाट्य सुरू होते.

३

हा विरह कोणत्या प्रकारचा? प्रथमदर्शनी प्रवास म्हणावा, कारण एक प्रेमिक दूर गेला आहे. धनंजयाने 'दशरूपका'त प्रवासाची तीन कारणे सांगितली आहेत: कार्य, संभ्रम आणि शाप. कामासाठी परगावी गेलेला, एखाद्या उत्पाताने ताटातूट झालेला, किंवा शापाने दुरावलेला, असा हा प्रवासी असतो. तिन्ही कारणे बाहेरून येतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. 'मेघदूता'तील यक्षाला कुबेराने दूर पाठविले. शकुंतलेला दुष्यंत विसरला तो दुर्वासाच्या शापाने. त्यामुळे प्रेमाला कोठेही गालबोट लागत नाही. शाप सरला की स्मृती परतते, आणि सातव्या अंकात दुष्यंत शकुंतलेच्या पाया पडतो तेव्हा तिने त्याला क्षमा करणे सोपे जाते, कारण अपराध वस्तुतः त्याचा नव्हताच. शाप ही कवीने प्रेमिकांवर केलेली कृपा आहे.

जी-वूला असा शाप मिळालेला नाही. त्याला कोणी धाडलेले नाही, कोणते कामही त्या गावी निघालेले नाही. तो स्वतःहून गेला आहे. त्याच्या जाण्यामागे संभ्रम असेलच तर तो अंतःकरणातला आहे. आपण कोणावर इतके विसंबून राहिलो आहोत, आणि हा आधार उद्या निघाला तर आपले काय उरेल, या भयाने तो आधीच हात सोडवून घेतो. कोणी आपल्याला टाकून जाण्यापूर्वी आपणच जावे, असा हा विचित्र हिशेब आहे. शास्त्रातल्या तीन कारणांत या चौथ्या कारणाला जागा नाही.

मग हा मान म्हणावा काय? मानाचे दोन भेद: ईर्ष्यामान आणि प्रणयमान. ईर्ष्यामानास प्रियकराचा अपराध लागतो. येथे सो-जूनचा अपराध नाही. प्रणयमानास कारण लागत नाही. प्रेमाची चालच वाकडी म्हणून दोघांचे उत्तम चालले असतानाही रुसवा येतो. हे लक्षण अधिक जवळचे वाटते. परंतु मानाचा प्राण कोप आहे, आणि जी-वूच्या थंडपणात कोप नाही. रुसलेल्या माणसाला आपली समजूत काढली जावी असे वाटत असते. रुसवा हे एक प्रकारचे निमंत्रणच असते. जी-वूच्या वागण्यात तसे निमंत्रण वरवर तरी कोठेच दिसत नाही.

'दशरूपक'कारांनी मान घालविण्याचे सहा उपाय दिले आहेत: साम, भेद, दान, नति, उपेक्षा आणि रसान्तर. गोड बोलावे, सखीला आपल्या बाजूला वळवावे, काही निमित्ताने अलंकार द्यावा, पाया पडावे, ते सारे थकले म्हणजे दुर्लक्ष करून पाहावे, आणि शेवटी एखाद्या आकस्मिक भयाने वा हर्षाने कोप आपोआप गळून पडतो. मानवी स्वभावाचे इतके चतुर निरीक्षण क्वचित आढळेल. आजच्या अनेक प्रेमकथा याच सहा पायऱ्यांवरून चालतात. कोरियातीलच 'अनइंटेन्शनल लव्ह स्टोरी' ही २०२३ सालची मालिका पाहा. तीत वॉन-यंग हा तरुण आपली गेलेली नोकरी परत मिळावी म्हणून, खरा हेतू लपवून, ते-जून नावाच्या कुंभारकाम करणाऱ्या कलावंताशी सलगी करतो, आणि मग खरोखरच त्याच्या प्रेमात पडतो. लबाडी उघडी पडते, ते-जून दुखावतो. येथे अपराध आहे, अपराधी आहे, दुखावलेला आहे. मनधरणीला पाया आहे. दोन्ही प्रेमिक पुरुष असूनही शास्त्राची घडी कोठेही मोडत नाही.

'टू माय स्टार'च्या दुसऱ्या भागात मात्र ती मोडते, आणि आमच्या मते हेच या कृतीचे मर्म आहे. येथे ज्याने रुसायचे तोच मनधरणी करतो. टाकून गेलेला जी-वू दार लावून बसला आहे आणि टाकला गेलेला सो-जून दाराशी उभा आहे. तो गोड बोलून पाहतो, चिडून पाहतो, हट्टाने तेथेच राहून पाहतो. कोणताच उपाय लागू पडत नाही. पडणारच नाही, कारण हे सारे उपाय कोपावरचे आहेत, भयावरचे नव्हेत. कोप गोड शब्दाने निवतो. भय गोड शब्दाने वाढते. कारण जितके प्रेम अधिक, तितके गमावण्यासारखे अधिक. सो-जूनच्या प्रत्येक प्रेमळ पावलाबरोबर जी-वू एकेक पाऊल मागे का सरतो, याचे उत्तर येथे आहे.

मग समेट होतो कशाने? केवळ सांगण्याने. उपशीर्षकात ज्या गोष्टी 'न सांगितलेल्या' म्हटल्या आहेत त्या सांगितल्या गेल्यावर. सहा उपायांच्या पुढे या मालिकेने निवेदनाचा सातवा उपाय ठेवला आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की तो मनधरणी करणाऱ्याच्या हाती नाही. पहिले सहा उपाय सो-जूनला करता येतात. सातवा फक्त जी-वूच करू शकतो. सो-जूनच्या हाती एवढेच उरते की जी-वू बोलायला तयार होईपर्यंत निघून न जाणे आणि त्याचे बोलणे सुरू झाल्यावर ते मध्येच न तोडणे. हे काम पाया पडण्याहून किती तरी कठीण आहे.

४

कोरियन परंपरेत हे किती वेगळे आहे, हे पाहण्यासारखे आहे. त्या भाषेच्या काव्यातही वियोग हा मोठा विषय आहे. गोर्यो काळातील गीतांपासून सोळाव्या शतकातील ह्वांग जिनीच्या सिजो रचनांपर्यंत, आणि 'चुनह्यांग'च्या गायिल्या जाणाऱ्या कथेपर्यंत, वियोगिनीचा आवाज तेथे अखंड ऐकू येतो. आधुनिक काळात किम सोवोल (१९०२–१९३४) या अल्पायुषी कवीची १९२२ साली प्रसिद्ध झालेली, रानफुलांच्या नावाची कविता तेथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सोडून जाणाऱ्याच्या वाटेवर फुले अंथरावीत आणि डोळ्यांतून पाणी काढू नये, असा तिचा भाव आहे. दुःख गिळून जाऊ देणे हीच त्या परंपरेतील प्रेमाची उदात्त रीत ठरली. त्या अव्यक्त, साचलेल्या दुःखाला कोरियन भाषेत 'हान' असा शब्द आहे, आणि तेथील समीक्षक आपल्या साहित्याचा स्वभाव सांगताना तो वारंवार वापरतात.

या पार्श्वभूमीवर सो-जूनचे वागणे पाहिले म्हणजे त्यातील नवेपण कळते. तो फुले अंथरीत नाही. तो मागोमाग जातो आणि विचारतो: का गेलास? हा प्रश्न असभ्य वाटावा इतका सरळ आहे. जुन्या कवितेतील वियोगी माणूस तो विचारीत नव्हता, कारण विचारल्याने आपल्या दुःखाची शान जाते असे त्याला वाटे. सो-जूनला शानेची पर्वा नाही. तो अभिनेता आहे. लोकांसमोर शानेने वावरणे हा त्याचा व्यवसायच आहे. आणि या खेड्यात तो तीच बाहेर ठेवून आला आहे. उलट मूकपणे दुःख गिळण्याची जुनी रीत पाळतो तो जी-वू. म्हणजे परंपरेतील उदात्त मौन येथे सोडून गेलेल्याच्या वाट्याला आले आहे, आणि ते उदात्त न राहता क्रूर होऊन बसले आहे. मौनाच्या प्रतिष्ठेची ही उलटतपासणी आम्हांला या मालिकेतील सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

५

आता एक शास्त्रीय अडचण. 'साहित्यदर्पण'कारांनी रसाभासाची जी स्थाने सांगितली त्यांत उपनायकाविषयीची रती, गुरुपत्नीविषयीची रती, अनेकांविषयीची रती यांच्याबरोबर अनुभयनिष्ठ, म्हणजे एकाच बाजूची रतीही आहे. पुरुषाची पुरुषाविषयीची रती त्या यादीत नावाने आलेली नाही. तथापि शृंगाराचे आलंबन म्हणून नायक आणि नायिका हेच डोळ्यांसमोर असल्यामुळे एखादा कर्मठ टीकाकार तिला अनौचित्याच्या पोटात घालून सहज मोकळा होईल. आम्हांला हा मार्ग मान्य नाही. औचित्य ही काळाबरोबर बदलणारी समज आहे. शास्त्रकारांनीही ती लोकव्यवहारावरूनच घेतली होती, आणि लोकव्यवहार बदलला की तिच्या मर्यादाही पुन्हा आखाव्या लागतात. सहृदयाला प्रत्यय येतो की नाही हीच अखेरची कसोटी. आणि सो-जूनच्या व्याकुळतेचा प्रत्यय येण्यासाठी प्रेक्षकाला वेगळे हृदय लागत नाही.

अनुभयनिष्ठ रतीची कल्पना मात्र आम्हांला फार उपयोगी वाटते; कारण दुसऱ्या भागाचे सारे कुतूहल तिच्यावरच उभे आहे. पूर्वार्धात आपण बहुतांशी सो-जूनच्या बाजूने पाहत असतो. जी-वू दार लावतो आणि आपल्याला शंका येते की हे प्रेम आता एकाच बाजूचे उरले आहे काय? तसे असेल तर सो-जूनची धडपड करुण वाटण्याऐवजी थोडी हास्यास्पद, थोडी त्रासदायकही वाटू लागते. आणि शास्त्राने म्हटल्याप्रमाणे रसाचा आभास होतो. पुढे कथा जी-वूच्या बाजूला वळते. त्याने काय सोसले ते दिसू लागते, आणि जे एका बाजूचे वाटत होते ते सर्वकाळ दोन्ही बाजूंचेच होते, हे उमगते. आधीच्या प्रसंगांचा अर्थ मागाहून बदलतो. थंडपणा हाच अनुभाव होता. प्रेम लपविण्याच्या श्रमाचा. रसाभास म्हणून ज्याकडे पाहिले तोच रस होता, असा साक्षात्कार प्रेक्षकाला घडविणे, ही या रचनेची करामत आहे.

या करामतीची किंमतही मोजावी लागली आहे, हे सांगितले पाहिजे. जी-वूचे मन इतका वेळ झाकून ठेवले आहे की पूर्वार्धात तो अनेकांना नुसता निष्ठुर वाटेल, आणि उत्तरार्धात त्याच्या मनाचे जे स्पष्टीकरण येते ते त्या निष्ठुरतेच्या मानाने थोडे अपुरे भासते. सो-जूनच्या यातनेला जेवढा वेळ दिला, त्याच्या निम्मा वेळ जी-वूच्या बोलण्याला दिला असता तर तोल अधिक सांभाळला गेला असता. ज्या मालिकेचा सारा आग्रह 'सांगा' असा आहे तिनेच सांगण्याच्या क्षणी घाई करावी, हा दोष लहान नाही.

६

भाषांतरातून पाहणाऱ्याच्या हातून निसटणारा एक पदर येथे नोंदविणे अगत्याचे आहे. कोरियन भाषेत आदराची आणि सलगीची क्रियापदरूपे वेगळी आहेत, आणि दोन व्यक्ती कोणत्या रूपाने बोलतात यावरून त्यांचे नाते कळते. धाकट्या पुरुषाने थोरल्याला म्हणावयाचा 'ह्योंग' हा शब्द मूळचा थोरल्या भावासाठी आहे. मैत्रीत तो चालतो, आणि प्रेमातही. या मालिकांत तो कोणी कधी उच्चारतो याला मोठे महत्त्व असते. २०२२ सालच्या 'सेमँटिक एरर' या मालिकेत तर हा एक शब्द म्हणवून घेण्यासाठी एका नायकाची सारी खटपट चालते. इंग्रजी तळटीपांमधून हे सर्व नाहीसे होते. त्या भाषेत 'यू' या एकाच शब्दाखाली सारी अंतरे सपाट होतात.

मराठी वाचकाला मात्र हे समजावून सांगावे लागत नाही. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणे म्हणजे काय, आणि भांडणानंतर 'तू'वरून पुन्हा 'तुम्ही'वर जाणे किती बोचरे असते, हे आपल्याला घरातूनच ठाऊक असते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना तर हिंदीतील 'तू', 'तुम' आणि 'आप' अशा तीन पायऱ्यांची सवय आहे, आणि बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपले वाचकही रोज दोन भाषांतील आदराची मापे सांभाळीत असतात. दुरावलेल्या दोन माणसांमधील अंतर क्रियापदाच्या प्रत्ययावर मोजता येते, ही गोष्ट ज्यांच्या भाषेत जिवंत आहे त्यांनी अशा मालिका इंग्रजीच्या चष्म्यातूनच पाहाव्यात, हे आम्हांला हळहळ वाटण्यासारखे आहे. उद्या कोणी त्यांचे संवाद थेट कोरियनवरून मराठीत आणले, तर मूळ रचनेचा हा अर्धा तरी अर्थ परत मिळेल.

७

आणखी एका मौनाविषयी बोलायला हवे. ते पात्रांचे नाही, मालिकेचे आहे.

जी-वूचे भय कोठून आले? मालिका ते बव्हंशी त्याच्या स्वभावातून आणि त्याच्या पूर्वायुष्यातून काढते. परंतु एक विख्यात अभिनेता आणि त्याचा पुरुष प्रियकर यांना भिण्यासारखे बाहेर काहीच नव्हते काय? कोरियात २००० साली होंग सोक-छन या अभिनेत्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांची दूरचित्रवाणीवरील कामे गेली. पुढे त्यांनी सोलच्या इतेवॉन भागात उपाहारगृहे चालविली. अभिनेता आणि स्वयंपाकघर यांची ही सांगड योगायोगाची असेल. तरी 'टू माय स्टार' पाहताना ती आठवल्यावाचून राहत नाही. २०१० साली किम सू-ह्यून या ज्येष्ठ लेखिकेने 'लाइफ इज ब्यूटिफुल' या कौटुंबिक मालिकेत दोन पुरुषांचे प्रेम आणले, तेव्हा वृत्तपत्रांत निषेधाच्या जाहिराती छापून आल्या. १८ जुलै २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडीदाराला आरोग्यविम्यात आश्रित म्हणून हक्क आहे असा निर्णय दिला, तो मोठा टप्पा मानला गेला. पण त्या निर्णयानेही विवाहाला मान्यता दिली नाही. अशा समाजातील प्रेमिकाचे भय हे निव्वळ त्याच्या प्रकृतीचे वैगुण्य म्हणून दाखविणे कितपत न्याय्य आहे?

या मालिकांतील जग पुष्कळदा असे स्वच्छ, निर्वेध असते. शेजारी नाक मुरडीत नाहीत, कोणाची नोकरी जात नाही. प्रेक्षकाला ही विश्रांती हवी असते, आणि तिची निंदा आम्ही करणार नाही. ज्यांना प्रत्यक्षात असे जग मिळत नाही त्यांना ते पडद्यावर तरी दिसावे, यात गैर काय? परंतु विरहाची कथा सांगताना ही सोय महागात पडते. बाहेरचा अडसर काढून टाकला की सारा भार आतल्या अडसरावर येतो, आणि मग प्रेमिक विनाकारण दुबळा दिसू लागतो.

या बाबतीत 'द एट्थ सेन्स' ही २०२३ सालची दहा प्रकरणांची मालिका आम्हांला अधिक खोल वाटते. दिग्दर्शन इनू बेक आणि वेर्नर द्यू प्लेसी यांचे. सैनिकी सेवा संपवून विद्यापीठात परतलेला जे-वॉन आणि खेड्यातून सोलला शिकायला आलेला, खानावळीत काम करून राहणारा जी-ह्यून हे तिचे नायक. लाटांवर फळीवरून स्वार होण्याच्या खेळाचे एक विद्यार्थिमंडळ दोघांना जवळ आणते. मग समुद्रात जी-ह्यूनच्या जिवावर बेतते, आणि धाकट्या भावाच्या मृत्यूचे ओझे वाहणारा जे-वॉन त्याला टाळू लागतो. येथेही दूर जाणारा वेगळा आणि मागे जाणारा दुखावलेला वेगळा आहे. येथेही सहा उपाय निरुपयोगी आहेत, आणि येथेही गाठ सुटते ती सांगण्याने. पण जे-वॉन प्रथम सांगतो ते प्रियकराला नव्हे, मानसोपचार करणाऱ्या बाईंना. सांगण्यासाठीही आधी शिकावे लागते, ऐकणारा कोणी तरी लागतो, याचे भान या मालिकेला आहे. घराची अपेक्षा, वरिष्ठ विद्यार्थ्यांचा दाब, पैशाची ओढाताण हे सारे बाहेरचे जग तीत हजर आहे. म्हणून जे-वॉनचा दुबळेपणा आपल्याला दुबळेपणा वाटत नाही. तो दमलेला वाटतो.

८

शेवटी आपल्याकडे वळू. पुरुषाने पुरुषाला उद्देशून विरह गावा, ही गोष्ट मराठीला अगदी परकी नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी आपण भक्तीने गातो. तेथे पुरुष कवी स्त्रीचा आवाज घेऊन सावळ्या प्रियकरासाठी तळमळतो. भावना थेट आहे. परंतु ती उच्चारण्यासाठी एक मुखवटा घ्यावा लागला, आणि तिचा विषय देव होता म्हणून ती पवित्र ठरली. मुखवटा बाजूला ठेवून आणि देवाऐवजी माणसाला समोर ठेवून हे बोलावयास आपल्या साहित्याला फार वेळ लागला.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा त्याची नायिका. पण गोष्ट सांगतो तो बापू, आणि ती शोकान्ताकडेच जाते. सचिन कुंडलकरांच्या २००६ सालच्या 'कोबाल्ट ब्ल्यू' या कादंबरीत भाऊ आणि बहीण दोघेही घरातल्या एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि तो काही न सांगता निघून जातो. भावाचे सारे निवेदन त्या गेलेल्या माणसाला उद्देशून आहे. येथे सांगणे आहे. पण ऐकणारा नाही. टाकून गेलेल्याचे नावही आपल्याला कळत नाही, आणि त्याची बाजू तर कधीच कळत नाही. कादंबरीचे दुःख आणि तिची ताकद या एकतर्फीपणातच आहे.

या दोन कृतींच्या शेजारी 'टू माय स्टार' ठेवली की तिचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही नजरेत येतात. कलाकृती म्हणून तेंडुलकर आणि कुंडलकर यांची पकड कितीतरी घट्ट आहे. परंतु त्या दोन्हींत नसलेली एक गोष्ट या साध्यासुध्या मालिकेत आहे: निघून गेलेला माणूस परत बोलतो. समेट शक्य आहे, एवढेच नव्हे तर तो कष्टाने मिळवायचा असतो, हे ती मानते. अशा प्रेमाची कथा लिहिताना आजवर मृत्यू, वेड किंवा नाहीसे होणे हे शेवट लेखकांच्या हाताशी तयार असत. रुसवा, मनधरणी, पुन्हा एकदा जेवायला बसणे, हे सामान्य प्रेमिकांचे शेवट या प्रेमिकांना नाकारले गेले होते. ते त्यांना देणे ही लहान गोष्ट नाही.

शास्त्राच्या बाजूने पाहता, मान आणि प्रवास या संज्ञा आम्हांला टाकाऊ वाटल्या नाहीत; त्यांच्यामुळेच ही मालिका कोठे वळते ते नेमके दाखविता आले. फक्त प्रवासाला एक चौथे कारण आणि मानाच्या उपायांना एक सातवा उपाय जोडावा लागला. धनंजयाची यादी बंद नव्हती; ती आपण शिकविताना बंद केली. वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी अशा मालिका पाहत असेल, आणि कोणाच्या मनात अशीच एखादी न सांगितलेली गोष्ट असेल. विप्रलंभाचे प्रकार सांगताना अध्यापकाने एवढे भान ठेवले, तरी पुरे. सातवा उपाय बोलणाऱ्याच्या हाती आहे हे खरे. परंतु त्याने बोलावे असे वातावरण ठेवणे हे ऐकणाऱ्याच्या हाती आहे, आणि समीक्षा हा ऐकण्याचाच एक प्रकार आहे.